हातावरचा भंडारा

रविवार, ता. २१ जाने. ७३

आज झालं ते क्रमाने.

१. आप्पा, आई, मी आणि खाकी (कुत्रा) डोंगरगणला गेलो. एस.टी.त खाकीला घेतलं नाही. शेजारच्या रशीदभाईंचा टेम्पो वांबोरीला रिकामा चालला होता, त्यातून.
२. आप्पा टेकडीवरच्या खंडोबापर्यंत चढले. अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिली चढण.
३. देवळात गुरवाने माझ्या हातावर भंडारा ठेवला. मी तो खाकीच्या कपाळाला पुसला.
४. उतरताना दरीच्या तोंडाशी मेंढरांचा वाडा बसलेला होता. तिथल्या बाईने 'हऱ्या' म्हणून हाक मारली. खाकी गेला.
५. कुत्रा त्यांचा आहे. शंका नाही.
६. बाईने कपाळावरचा भंडारा पाहिला. कुणी लावला विचारलं. मी म्हटलं, मी.
७. ती म्हणाली, मग आता मला मागता येत नाही.
८. खाकीला घेऊन घरी आलो.

सोमवार, ता. २२

काल नुसती कलमं लिहिली. सविस्तर आज.

कंडक्टर सभ्य होता. आधी म्हणाला, "ताई, ह्याचं तिकीट फुल काढू का हाफ?" गाडीतले हसले. मग आप्पांच्या काठीकडे बघून आवाज उतरवला. "शेळी असती तर टपावर घेतली असती. कुत्रं न्हाई घेता येत." आप्पा लगेच घराकडे वळले. त्यांना तेवढं कारण पुरतं. तेवढ्यात रशीदभाई. "मास्तर, पुढं बसा माझ्याशेजारी. खाकीसाहेब मागं, वहिनींच्या पायाशी." आई म्हणाली, "मीच बसते त्याच्या पायाशी, त्याला जागा द्या."

डोंगरगणचा धबधबा यंदा नाहीच. जिथून पडतो तिथे कड्यावर काळा पट्टा उरला आहे, वरून खालपर्यंत सरळ. पण खाली कुंडात पाणी आहे, आणि कुंडाभोवतीची झाडं हिरवी आहेत. वडाच्या पारंब्या पाण्यापर्यंत. आप्पा पायरीवर बसून त्या हिरव्याकडे बघत राहिले. सावेडीपासून इथवर वाटेत एक हिरवं पान दिसलं नव्हतं. खाकी पाणी प्यायला, आप्पांच्या पायाशी येऊन बसला. अंग झाडलं नाही. त्यांच्याजवळ तो कधी झाडत नाही.

वरची वाट रुंद आहे, चढ सौम्य. म्हणूनच हा डोंगर निवडला. सीताफळीची झाडं नुसत्या काटक्या. गवत मुळापर्यंत चरलेलं. आप्पांचा उजवा पाय ओढला जातो, त्याची मातीत लांब रेघ उठते. खाकी त्या रेघेच्या बाजूने, नेहमी मागे. आप्पा थांबले की थांबतो. पुढे कधी जात नाही. आई थकून दोनदा बसली, तिच्यासाठी थांबला नाही. आई म्हणाली, "मेला पक्षपाती आहे."

माथ्यावरून सगळं दिसतं. पिंपळगावचा तलाव आटून पांढरा पडला आहे. दुष्काळी कामावरचे खडीचे ढीग रस्त्याकडेला ओळीने, माणसं ठिपक्यांसारखी. पलीकडे धुरकट नगर. आप्पा म्हणाले, "आपलं... घर?" मी हात केला. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरून थोडा उजवीकडे सरकवला. बरोबर होते ते. तीस वर्षं भूगोल शिकवला आहे.

गुरव मोकळा माणूस. खाकीला बाहेर बांधू का विचारलं तर म्हणाला, "खंडोबाच्या दारात कुत्र्याला बांधत्यात व्हय? तुमीच बाहेर थांबा, त्याला आत येऊ द्या." नारळाचा पहिला तुकडा त्याने खाकीला दिला. मग भंडारा. आईने स्वतःला लावला, आप्पांना लावला. मी लावत नाही. आईला माहीत आहे. तळहातावर पिवळी धूळ, टाकायला जागा नाही. खाली टाकला असता तर आईला लागलं असतं. खाकी जवळ, पायरीवर उभा होता. त्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये हात पुसला. आई म्हणाली, "बघ, कसा शोभतोय." एवढंच. यापेक्षा काही झालं नाही. मनात काही नव्हतं.

उतरताना वाडा. शंभरेक मेंढरं, एक घोडा, खाली अंथरलेली मेंढरं कोंडायची जाळी. बाई पन्नाशीच्या. काखेत कोकरू. नाव धोंडाबाई, हे नंतर कळलं. त्यांनी "हऱ्या" म्हटलं. मोठ्याने नाही, घरात कुणाला बोलवावं तसं. खाकी पळाला नाही. चालत गेला, त्यांच्या पायाशी उभा राहिला. मग वळून आप्पांकडे आला. परत गेला. परत आला.

धोंडाबाईंनी त्याच्या गळ्याखाली हात घातला. तिथे गोल पट्ट्यात केस उगवत नाहीत. मला वाटायचं, कुठल्या दोरीचा वळ. त्या म्हणाल्या, "ह्यो बघा, पट्ट्याचा घट्टा." मग कपाळाकडे पाहिलं.

"भंडारा कुनी लावला?"

"मी."

"तुमच्या हातानं?"

"हो."

"वर? पायरीवर?"

"हो."

त्यांनी हात काढून घेतला. "मग बोलनं मिटलं. आमच्या वाड्यात कुत्रं इकत न्हाईत, मागून घेत न्हाईत. खंडोबाच्या पायरीवं ज्यानं भंडारा लावला, कुत्रं त्याच्या दारचं."

त्यांचा मुलगा बिरा, माझ्याएवढा असेल, म्हणाला, "आये, ह्या शहरच्या लोकांला काय ठावं आपलं..."

"गप. ठावं नसताना लावला तर देवानं लावून घेतला."

तिन्ही उत्तरं खरी दिली. विचारलं तेवढंच सांगितलं.

मंगळवार, ता. २३

खाकी आमच्याकडे कसा आला ते कुठे लिहिलेलं नाही. लिहून ठेवते.

गेला पावसाळा. पाऊस नव्हता, महिने तेवढे होते. सकाळी नळाखाली पडलेला दिसला. बरगडीपाशी फाटलेलं, एक कान आधीच कापलेला. आईने भाकरी टाकली, मी जखम पोटॅशच्या पाण्याने धुतली. चावला नाही. चौकशी केली. चौकीवर सांगितलं, नाक्यावर सांगितलं. कुणी आलं नाही. मेंढपाळांत विचारायला हवं होतं, ते सुचलं नाही.

तेव्हा आप्पा ओट्याच्या खाली उतरत नव्हते. डॉ. म्हणत, चालवा. पण रस्त्यावर जुने विद्यार्थी भेटतात, नमस्कार करतात, आणि आप्पांना नीट उत्तर देता येत नाही. तोंड एका बाजूला ओढलं आहे. मी सांगून पाहिलं, आईने रडून पाहिलं. पुण्याहून दादाने येऊन व्याख्यान दिलं.

मग एक दिवस आप्पा मागच्या अंगणात गेले तर कुत्रा उठून मागे. परत आले तर मागे. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत. दिवाळीला नाक्यापर्यंत. कुणी विद्यार्थी भेटला तर आप्पा कुत्र्याकडे बोट करतात. बोलणं त्याच्याविषयी होतं, निभतं. खाकी नाव त्यांनीच ठेवलं. झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला स्पष्ट शब्द.

त्याच्या कपाळावरचा पिवळा डाग अजून आहे. पुसायला गेले नाही.

गुरुवार, ता. २५

कारखान्यात: मी काढलेलं पंपाच्या कव्हरचं ड्रॉइंग मशीन शॉपमधून परत आलं. आतली खाच तुटक रेषेने दाखवायची राहिली होती. फिटरने दिसलं तसं केलं, भाग वाया गेला. माझी चूक. साहेब फक्त म्हणाले, "जे समोरून दिसत नाही तेच काढायला तुम्हाला ठेवलंय." नागापूरहून सावेडीपर्यंत सायकल चालवत आले, वाटेत तेच.

घरी आईशी बोलले. म्हटलं, मी भंडारा लावला नव्हता, हात पुसला होता.

"म्हणजे काय वेगळं?"

"त्या बाई समजतात की मी देवापुढे कुत्रा आपला म्हणून घेतला."

"मग घेतलाच ना देवानं तुझ्याकडून? त्या बाईला कळतं ते तुला कळत नाही."

"आई, तिचा कुत्रा आहे."

"आणि तुझे वडील?" आईने कणीक मळायची थांबवली नाही. "ते कुणाचे आहेत?"

मी पोळ्या लाटल्या. माझ्या पोळ्या चांगल्या गोल होतात, त्यावर आई काही बोलली नाही.

शुक्रवार, ता. २६

झेंडावंदन करून रशीदभाईंच्या टेम्पोतून डोंगरगणला. एकटी. सांगायचंच, असं ठरवून.

वाडा तिथेच. धोंडाबाईंनी घोंगडी झटकून टाकली. "बसा ताई. चा घेता न्हवं? मेंढीच्या दुधाचा हाय, नाक मुरडू नका." दाट होता. वास येतो. सगळा प्यायले.

बिरा म्हणाला, "हऱ्या कुठाय? का शहरात गादीवर झोपतोय?"

"ओट्यावर झोपतो."

"बिस्कुटं खातोय म्हनं."

"भाकरी. ताकातली."

"ताकातली!" बिरा घोड्याकडे बघून म्हणाला, "ऐकलं का, तुझ्यापरीस त्याचं नशीब भारी."

धोंडाबाई हसल्या नाहीत. जाळीच्या कडेला मेंढीचं कातडं वाळत होतं. बुधवारी लांडग्याने मारली, गाभण होती. "चाराच न्हाई, तर रोज लांब न्यावं लागतं. गाभनी मागं पडत्यात. लांडगा काय कळपात घुसत न्हाई, मागं राहील तिला धरतो." दुसरा कुत्रा आहे, तरणा. पण तो पुढे पळतो. "हऱ्या मागचा. त्याला शिकवलंच न्हाई कुनी, त्याच्या आईचं बघून आलं. लंगडं, गाभनं, म्हातारं, जे मागं राहील त्याच्या संगं ऱ्हातो. ते थांबलं की थांबतो. ढकलीत न्हाई, भुकत न्हाई. निस्ता संगं ऱ्हातो." गेल्या आषाढात लांडग्याशी झुंजला, रात्रीत कुठे गेला कळलं नाही. मेला समजून त्यांनी त्याच्या नावाचा घास टाकला होता.

मी ऐकून घेतलं. आप्पांच्या मातीतल्या रेघेच्या बाजूने तो का चालतो, ते कळलं. मला वाटत होतं, त्याला आप्पा आवडतात.

आवडतही असतील. माहीत नाही. ते मोजता येत नाही.

अवस झाली की वाडा हलणार आहे, गोदावरीच्या अंगाला. लांबचा पल्ला. बऱ्याच मेंढ्या तोवर विणार. हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. कुत्रा परत मागायचा एक शब्द काढला नाही. मी आडून विचारलं, असा लावलेला भंडारा परत घेता येतो का. म्हणाल्या, "परत न्हाई. ज्यानं लावला त्यानं आपल्या हातानं दिलं तर घेत्यात. पर कोन देतं."

इथे सांगायला हवं होतं. त्या पूर्ण दोन घोट चहाचे घेईपर्यंत थांबल्या. बोलले नाही.

निघताना त्यांनी घोड्याच्या सामानातून एक पट्टा काढला. जाड कातडं, बाहेरच्या बाजूने लोखंडी खिळे. लांडग्याला गळा धरता येऊ नये म्हणून. "हऱ्याचा हाय. त्या रात्री काढून ठिवला हुता, म्हनून लागलं त्याला. तुमच्याकडं लांडगा न्हाई. पर ज्याचा हाय त्याच्याजवळ ऱ्हाऊ द्या."

घेतला. नाही म्हणता आलं नाही. टेम्पोत मांडीवर ठेवला तर खिळे साडीत अडकले. रशीदभाई म्हणाले, "ताई, हे काय, दागिना?" मी म्हटलं, हो.

रविवार, ता. २८

पट्टा खुंटीला. खाकीने वास घेतला आणि तिथेच खाली बसून राहिला. आप्पांनी पट्टा पाहिला, मला काही विचारलं नाही.

सकाळी तिघे नाक्यापर्यंत. म्हणजे आप्पा, खाकी, मी. वाटेत आप्पांचा एक विद्यार्थी, आता बँकेत आहे. "सर, कुत्रा फार हुशार दिसतो." आप्पा म्हणाले, "माझ्यापेक्षा." दोघे हसले. मी मागे चालत होते. खाकीचं डोकं आप्पांच्या उजव्या पायाकडे. पाय ओढला की त्याचा कान हलतो. आजवर हे पाहिलं नव्हतं.

जे कळलं ते आप्पांना सांगायचं नाही असं ठरवलं. मागे पडलेल्या मेंढरासारखं कुणी आपल्याला धरलं आहे, हे कुणाला ऐकायला आवडेल?

मंगळवार, ता. ३०

जेवणं झाल्यावर आप्पांनी खुंटीकडे बोट केलं. "सांग."

सांगितलं. सगळं. मेंढी, मागचं चालणं, पट्टा. मेंढराचं सांगताना थांबले. आप्पांनी हात हलवला, पुढे.

ऐकून हसले. निम्म्या तोंडाने, पण आवाज निघाला. गेल्या वर्षात असे हसलेले आठवत नाहीत. "बरोबर," म्हणाले. "बरोबर... ओळखलं त्यानं."

आई पदर डोळ्याला लावून आत जायला निघाली. आप्पांनी तिलाही थांबवलं. मग माझ्याकडे बघून, एकेक शब्द वेगळा काढत: "तू... पुसलास. हात."

"हो."

"मी... पाहिलं."

खाकी त्यांच्या पायाशी. मी विचारलं, "मग तुम्ही त्या वेळी का बोलला नाहीत?"

त्यांनी डावा हात खाकीच्या पाठीवर ठेवला, ठेवूनच राहिले. मीही नऊ दिवस तेच केलं आहे, फक्त हात न ठेवता.

आई म्हणाली, "मी काही पाहिलं नाही. मी देवाकडे बघत होते." मग तिने खुंटीवरचा पट्टा काढला. "कातडं किती ताठ झालंय याचं. गळ्याला घासेल." वाटीत गोडंतेल घेऊन बसली. खिळा न् खिळा चुकवत तेल चोळत होती.

आप्पा झोपायला जाताना म्हणाले, "लिही."

बुधवार, ता. ३१

सकाळी आप्पांनी खाकीला धरून ठेवायला सांगितलं. एकटे काठी घेऊन फाटकापर्यंत गेले. बरे गेले. फाटकाशी पोचून उभे राहिले, वळेनात. खाकी माझ्या हातात ताणत होता, आवाज न करता. शेवटी साखळी आईकडे देऊन मला जावं लागलं. हात धरून आणलं. घरात आल्यावर म्हणाले, "उद्या... पुन्हा."

रविवारपर्यंत रजा नाही, आणि रविवारी वाडा निघालेला असेल. शिवाय समोर बसले की मी विचारलं तेवढंच बोलते, हे शुक्रवारी सिद्ध झालं. म्हणून चिठ्ठी. रशीदभाई उद्या वांबोरीला जाताना वाड्यावर थांबून वाचून दाखवणार आहेत. त्यांना वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकली, मग म्हणाले, "ताई, एक ओळ कमी लिहिली असती तर कुत्रा तुमचाच होता." घडी करून वरच्या खिशात ठेवली. नक्कल खाली.

धोंडाबाईंना नमस्कार.

तुम्ही विचारलंत, भंडारा कुणी लावला. मी म्हटलं, मी. हात माझा होता, पण मी लावला नव्हता. मी भंडारा लावत नाही. हातावरचा पुसायला जागा नव्हती म्हणून कुत्र्याच्या कपाळाला पुसला. देवाला काही म्हटलं नव्हतं. तुमची रीत मला तेव्हा माहीत नव्हती. नंतर कळली, तरी शुक्रवारी मी गप्प बसले.

तेव्हा तुमचं बोलणं मिटलेलं नाही. हऱ्या तुमचा आहे. तुमच्या मेंढ्या विणायला आल्या आहेत ते मी पाहिलं. माझे वडील त्याच्याशिवाय फाटकाबाहेर जात नाहीत, ते तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते. यातलं कुठलं मोठं, ते मला ठरवता आलं नाही.

माझ्या हातानं द्यायला मी तयार आहे. तुम्ही हो म्हणालात तर शनिवारी कामाला खाडा करून, तुम्ही निघायच्या आत त्याला पट्टा घालून आणून देईन. पट्ट्याला तेल लावलं आहे. नको म्हणालात तर तसं सांगा, म्हणजे कुणाच्या मनात काही न राहता तो आमच्याकडे राहील.

हो किंवा नाही, शुक्रवार ता. २ च्या संध्याकाळपर्यंत रशीदभाईंजवळ कळवावं.